‘मुलांना लळा लावू नका’ हा नियम आधी काढा

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देते, म्हणजे दुसरं कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावी तुमची संस्था आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचं शिशुगृह आणि त्यापुढच्या मुलींचं बालगृह, दोन्ही एकाच आवारात. खाणंपिणं, शाळा, औषधपाणी यात कसलीही कसूर नाही. तरीही लहानगी मुलं दारात कुणीही आलं की त्याच्या पायांना मिठी मारतात, ‘आई आली, आई आली’ करतात. मोठ्या मुलींपैकी काही घुम्या, काही सतत भांडणाऱ्या. गादीखाली पोळ्या सापडतात. अठरा पूर्ण करून गेलेल्या दोघीतिघींनी वर्षाच्या आत नोकरी सोडली. हे सगळं संस्थेत वाढल्यामुळेच होतं का, आणि नुकत्याच मिळालेल्या मोठ्या देणगीतून समुपदेशन कक्ष बांधला तर उपयोग होईल का, हे तुमचे दोन प्रश्न. आणि शेवटी जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ‘मावश्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, फार लळा लावू नका, उद्या मूल दत्तक गेलं की दोघांनाही त्रास.’

मी या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

हा नियम तुमच्या एकट्यांचा नाही. मी ज्या ज्या शिशुगृहांत काम केलं, तिथे तो कुठे भिंतीवर लिहिलेला नसला तरी सगळ्यांना पाठ होता. त्यामागचा हेतूही वाईट नाही. पण लहान मूल ‘सगळ्यांवर’ प्रेम करायला शिकतं ते आधी एका कुणावर तरी करून. भूक लागली, रडलं, की ठरावीक पावलं वाजतात, ठरावीक आवाज येतो, ठरावीक वासाच्या पदराशी आपण जातो. हे शेकडो वेळा घडलं की त्याच्या लेखी जग भरवशाचं होतं. घरात आई हे नकळत करते. आजी करते, थोरली बहीणही करते. संस्थेत तीन पाळ्या असतात, आठवड्याची सुट्टी असते, एक मावशी गावी जाते, दुसरी तुटपुंज्या पगाराला कंटाळून सोडते. बाळाच्या वाट्याला दिवसभरात पाच-सहा जणींचे हात येतात आणि वर्षभरात त्यातल्या निम्म्या बदललेल्या असतात. त्यावर आणखी ‘जीव लावू नका’ अशी सूचना असेल, तर त्या हातांतून फक्त कामच होतं.

याचा परिणाम बघायचा असेल तर दुपारी तीनच्या सुमाराला शिशुगृहात जाऊन पाळण्यांच्या रांगेत उभे राहा. आठ-नऊ महिन्यांचं एखादं बाळ जागं असतं, बाटली टॉवेलच्या घडीला टेकवून ठेवलेली असते. बाटली निसटली तरी ते रडत नाही. आपल्याच बोटांकडे बघत राहतं, नाहीतर डोकं या कुशीवरून त्या कुशीवर एका लयीत हलवत राहतं. पाहुणे म्हणतात, किती शहाणं बाळ आहे हो, त्रासच नाही! रडून काही उपयोग होत नाही एवढं त्या बाळाला कळून चुकलेलं असतं. रांगेतलं रडकं, हट्टी, एकाच मावशीला चिकटणारं मूल मला जास्त सुदृढ वाटतं, आणि ज्याची कुणीच तक्रार करत नाही त्याची काळजी वाटते.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवीन नाही. मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी 1945 मध्ये स्वच्छ, वैद्यकीय देखरेखीखालच्या अनाथालयातल्या बाळांची तुलना तुरुंगातल्या बालसंगोपन कक्षातल्या बाळांशी केली. तुरुंगात बाळांना त्यांच्या आया सांभाळत होत्या, आणि ती बाळं सर्वच बाबतींत पुढे होती. 1951 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हेच अधिक विस्ताराने मांडलं. पण सगळ्यात सबळ पुरावा मिळाला तो रोमानियात, आणि तोही एका राजकीय दुर्दैवामुळे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी घातली, घराघरांत नको असलेली मुलं जन्मली, आणि डिसेंबर 1989 मध्ये त्याची सत्ता कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत असल्याचं जगाला दिसलं. 2000 मध्ये बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी 6 ते 31 महिन्यांच्या 136 मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या, कुटुंबांत पाठवली, निम्मी होती तिथेच राहिली. शहरात प्रतिपालक कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती संशोधकांनाच उभी करावी लागली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळणारा बंध, सगळंच सुधारलं. आणि वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. पुढे रोमानियाने 2004 च्या कायद्याने दोन वर्षांखालची मुलं संस्थेत ठेवण्यावर बंदी आणली.

तुम्ही म्हणाल, आमचं शिशुगृह म्हणजे काही चाउशेस्कूचा कोंडवाडा नाही. मान्य. म्हणूनच तुम्हाला रोमानियापेक्षा सेंट पीटर्सबर्गचा प्रयोग जास्त उपयोगी पडेल. तिथल्या बालगृहांत अन्न, औषधं, स्वच्छता यांची वानवा नव्हती. वानवा होती ती त्याच त्या माणसांची. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत पन्नासहून जास्त काळजीवाहक त्याच्या आयुष्यात येऊन गेलेले असत. संशोधकांनी तीन संस्था घेतल्या. एकीत काहीच बदललं नाही. दुसरीत कर्मचाऱ्यांना फक्त प्रशिक्षण दिलं. तिसरीत प्रशिक्षणाबरोबर रचनाही बदलली: गट लहान केले, प्रत्येक गटाला ठरलेल्या बायका दिल्या, वय वाढलं की मुलाला पुढच्या खोलीत ढकलण्याची पद्धत बंद केली. तिसऱ्या संस्थेतली मुलं नुसती हसरी झाली नाहीत, तर आहार तोच असूनही त्यांची उंची आणि वजनसुद्धा वाढलं. ताटातलं अन्न अंगी लागायलाही समोर ओळखीचं माणूस लागतं, हे मला माझ्या आजीने केव्हाच सांगितलं असतं, पण विश्वस्तांच्या बैठकीत आजीचा दाखला चालत नाही.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून घेऊ.

कुणालाही मिठी मारणाऱ्या मुलांबद्दल. हा मनमिळाऊपणा नव्हे. तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी माणसाला आधी बुजतं, आपल्या माणसाच्या मागे लपतं, तिथून डोकावतं. लपायला आपलं माणूसच नसेल तर सगळी माणसं सारखीच. जो हात पुढे करेल त्याचा. अशा मुलांना कुणी ‘चल’ म्हटलं तर ती फाटकाबाहेरही निघून जातात, हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. नंतर चांगलं कुटुंब मिळालं तरी ही सवय सर्वांत सावकाश जाते, आणि दत्तक घेणाऱ्या आयांना ते फार लागतं: ही तर शेजारणीलाही आई म्हणते, मग मी कोण?

आणि या सवयीला आपण रोज खतपाणी घालतो. शनिवार-रविवारचे तुमचे पाहुणे आठवा. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. केक येतो, मुलं रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात, ज्याला कधी पाहिलं नाही त्याला ‘हॅपी बर्थडे दादा’ म्हणतात. दादा दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेतो, फोटो काढतो, तासाभराने जातो. तिच्या बाजूने बघा: दर आठवड्याला एक नवा माणूस तिला जवळ घेतो आणि नाहीसा होतो. शिवाय ज्या मुलीने पंचवीस केक खाल्ले तिचा स्वतःचा वाढदिवस मात्र रजिस्टरात ‘1 जून’ असा आहे, कारण शाळेत घालताना सगळ्यांचाच तो घातला. तो बदलता आला नाही तरी चालेल, पण प्रत्येकीला वर्षातला एक दिवस ठरवून द्या. त्या दिवशी तिच्या आवडीची भाजी, आणि टाळ्या तिच्यासाठी.

पाहुण्यांना बंदी करा असं मी म्हणत नाही, संस्था देणगीवर चालते हे मला कळतं. त्यांना कार्यालय दाखवा, स्वयंपाकघर दाखवा, चहा द्या. सहा वर्षांखालच्या मुलांना उचलून घ्यायला देऊ नका. महिन्या-दोन महिन्यांसाठी येणारे कॉलेजचे स्वयंसेवकही मोठ्या मुलींच्या अभ्यासाला लावा, पाळण्यांशी नको. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांना म्हणा, दर बुधवारी पाच वाजता या, एका मुलीला गणित शिकवा, निदान वर्षभर. दहातला एक येईल; तो पुरे. फोटोंचं तर विचारूच नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि देणगीदाराच्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही त्यातून सूट नाही.

पोळ्या लपवण्याला चोरी म्हणू नका. जिला कधीकाळी उपाशी राहावं लागलंय, किंवा जिथे भूक लागल्यावर नव्हे तर घंटा झाल्यावरच जेवण मिळतं, तिथे मूल साठवणारच. प्रत्येकीला तिच्या नावाचा घट्ट झाकणाचा डबा द्या, त्यात शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, आणि तो संपला की न विचारता भरा. सुरुवातीला एका दिवसात फस्त होईल. होऊ द्या. डबा भरलेलाच राहतो हे पटलं की गादीखालची पोळी आपोआप थांबते. जिथे रोज गाद्या झडती घेऊन उचलतात तिथे ती कधीच थांबत नाही, फक्त जागा बदलते.

मोठ्या मुलींचा विषय वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा. आपल्याकडे बालगृहातल्या बऱ्याच मुली अनाथ नसतातच. आई असते, ती एकटी, कुणाच्या घरी धुणीभांडी करणारी किंवा ऊसतोडीला जाणारी. किंवा बाप असतो आणि त्याने दुसरं लग्न केलेलं असतं. मेलेल्या माणसासाठी रडता येतं. जिवंत असून न येणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मोठ्यांनाही सुधरत नाही. एक उदाहरण सांगते, अशा मुली मी अनेक संस्थांत पाहिल्यात. अकरा वर्षांची मुलगी एप्रिलपासून पिशवी भरून ठेवते, कारण आई दिवाळीत म्हणाली होती, ‘मे महिन्यात न्यायला येते.’ बाकीच्या मुलींना मामा, आजी, कुणी ना कुणी घेऊन जातं. ही रोज फाटकापाशी. जूनमध्ये शाळा सुरू होते, पिशवी तशीच असते. जुलैमध्ये ती एका लहान मुलीला कारण नसताना मारते आणि वहीत शेरा पडतो: ‘स्वभाव चिडका, समज देण्यात आली.’ तिला समज नको होती. ‘आई आली नाही, फार वाईट वाटलं असेल ना तुला,’ एवढं एक वाक्य मे महिन्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं. मुलींची देखभाल करणाऱ्या गृहमाता ते म्हणत नाहीत, कारण विषय काढला तर ती रडेल अशी भीती असते. रडू द्या की! आणि सुट्टीत मागे राहणाऱ्या मुलींसाठी त्या दिवसांचा काहीतरी वेगळा बेत हवाच. रिकाम्या इमारतीत नेहमीच्याच घंटेवर त्यांना जेवायला बसवणं फार वाईट.

‘यांना काही वाटतच नाही’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकते. वाटतं, ते दाखवून काही मिळत नाही असा त्यांचा अनुभव असतो. नव्या गृहमातेला त्या महिनोन्‌महिने जोखतात, उलट उत्तरं देतात, मुद्दाम काम बिघडवतात. ही टिकते का जाते, ते त्यांना बघायचं असतं. बहुतेक जणी जातात, आणि मुलींचा अंदाज पुन्हा खरा ठरतो. म्हणून माझ्या मते चांगल्या गृहमातेची पात्रता बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदवी नसते. ती पाच वर्षं टिकेल का, हे आधी बघावं.

आपसातलं नातं मात्र या मुलींची मोठी शिदोरी असते आणि आपण ती फुकट घालवतो. दहा वर्षांची मुलगी पाच वर्षांचीची वेणी घालते, तिला आपल्या ताटातलं देते. अशा जोड्या ओळखा आणि खोल्या बदलताना तोडू नका. सख्ख्या भावंडांचं तर विचारायलाच नको: भाऊ मुलांच्या संस्थेत, बहीण मुलींच्या, दोन वेगळ्या तालुक्यांत. राखीपौर्णिमेला भेट घालून देतात, त्याचा फोटो निघतो, झालं. दर रविवारी फोनवर बोलणं आणि महिन्याला एक भेट, हे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीकडे लेखी मागा. मागितलं तर मिळतं, हा माझा अनुभव.

समाजात वावरण्याचं शिक्षण संस्थेत फार कमी मिळतं. मुलगी सतरा वर्षांची होते, पण ती कधी एकटी किराणा दुकानात गेलेली नसते. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला, गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो, कंडक्टरने सुटे पैसे परत दिले नाहीत तर काय म्हणायचं, काही माहीत नसतं. कपडे ढिगातून वाटले जातात, जेवण वाढून येतं, झोपायची वेळ ठरलेली. स्वतः काही निवडायची वेळच आलेली नसते. मग अठरा पूर्ण होतात आणि एका दिवसात सगळंच स्वतः निवडायचं. नोकरीत साहेब ओरडला की ही राजीनामा देते, कारण रागावलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट बोलता येतं हे तिने घरात कधी पाहिलेलं नाही. आणि पहिला जो मुलगा गोड बोलतो त्याच्याशी लग्न करून मोकळी होते. तुमच्या त्या दोघीतिघींना आळशी ठरवण्याआधी हे तपासा. चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला थोडे पैसे हातात द्या, हिशेब मागू नका; पहिल्या आठवड्यात संपतील, तेच शिक्षण. स्वयंपाकघरात पाळीने चार जणींना पूर्ण जेवण करायला लावा, बाजारहाटासकट.

कायदा अठरानंतर 21 वर्षांपर्यंत पश्चात संगोपनाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, सोय सांगतो, आणि महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षण व नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. त्यासाठीचं अनाथ प्रमाणपत्र मुलगी संस्थेत असतानाच काढून ठेवा. नंतर तिला एकटीला ते काढणं जड जातं. पण कागदांपलीकडे तिला परत यायला जागा हवी. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्यांना बाहेर काढण्याच्या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी 2024 मध्ये एमपीएससीच्या परीक्षेत यशस्वी झाली, त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक संस्थेला एवढं जमणार नाही. दिवाळीला जुन्या मुलींना निरोप पाठवून बोलावणं, बाळंतपणात चार दिवस कुणाला तरी पाठवणं, हे जमतं.

संस्थेत वाढल्यामुळेच हे सगळं होतं का, या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणंही चूक. भारतासह पाच देशांत 6 ते 12 वर्षांच्या अनाथ मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. त्या वयात संस्थेतली मुलं नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा सरसकट मागे नव्हती. काकाच्या घरी मारहाण आणि उपासमार असेल तर चांगली संस्था बरी. माझं स्वतःचं मत असं की तीन वर्षांखालच्या बाळासाठी संस्था हा शेवटचा पर्याय असावा, तोही अल्पकाळाचा, आणि ज्या मुलींची आई केवळ गरिबीमुळे त्यांना ठेवते, तिला आधी राज्याच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. दरमहा 2,250 रुपयांत घर चालत नाही, पण मूल आईजवळ राहायला कधीकधी तेवढाच टेकू लागतो.

राहिला दत्तक जाण्याच्या वेळचा त्रास, ज्याच्या भीतीने तुम्ही तो नियम केला. ज्या बाळाने एका मावशीला जीव लावलाय ते जाताना रडेल, चार-सहा आठवडे नव्या घरात हिरमुसलेलं राहील आणि मग तोच बंध नव्या आईशी जोडेल. ज्याने कुणालाच जीव लावला नाही ते हसत हसत गाडीत बसेल, आणि त्याचं अवघड काम त्यानंतर सुरू होईल. म्हणून नव्या पालकांना आधी काही दिवस शिशुगृहात बोलवा, आंघोळ आणि भरवणं मावशीच्या शेजारी बसून करू द्या, बाळाची वापरातली गोधडी न धुता बरोबर द्या. मावशीलाही रडायला आणि दोन दिवस रजेवर जायला मुभा द्या.

देणगीचं म्हणाल तर समुपदेशन कक्ष बांधू नका. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकासमोर, खुर्चीवर बसून, मुली बोलत नाहीत; त्या डोक्याला तेल लावून घेताना बोलतात. तो पैसा शिशुगृहात दोन मावश्या वाढवायला आणि आहेत त्यांचे पगार वाढवायला वापरा, म्हणजे एका मावशीकडे चार-पाचच ठरलेली मुलं येतील आणि मावशी सोडून जाणार नाही. मोठ्या हॉलला अर्ध्या भिंती घालून आठ-आठ जणींच्या खोल्या करा, प्रत्येकीला कुलपाची पेटी द्या. बुडापेस्टमध्ये 1946 पासून एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी शिशुगृह चालवलं, तिथे आंघोळ घालणं, कपडे बदलणं आणि भरवणं याच वेळा नात्याच्या मानल्या जात. घाई करायची नाही, ‘आता हात वर करूया’ असं बाळाला सांगायचं आणि त्याने हात उचलायची वाट बघायची. तुमच्या मावश्यांना दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं असेल तर एवढाच विषय ठेवा. पगारासाठी पैसे द्यायला देणगीदार नाखूश असतात, त्यांना दगडावर नाव हवं असतं. मग त्या अर्ध्या भिंतीवर लावा त्यांचं नाव.

आणि जी मुलं दीड वर्षाची होऊनही नजर देत नाहीत, एकही शब्द बोलत नाहीत, किंवा डोकं भिंतीवर आपटतात, त्यांना यातल्या कशाचीही वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या विभागात, दाखवा. बरोबर त्या मुलाला सर्वांत जास्त ओळखणारी मावशी जाऊ दे, अधीक्षक नको. डॉक्टर जे विचारतील त्याची उत्तरं तिच्याकडेच असतील.